आकाशातील आग आणि साक्षीदाराची जबानी

(धम्मबंधूंच्या एका मेळाव्यात एका वकिलाने केलेल्या भाषणाचा मजकूर)

मी कायद्याचा माणूस असल्यामुळे आज कायद्यावरच बोलावे अशी चालकांची अपेक्षा होती. दाखले, सवलती, वारसाहक्क या विषयांवर मी आपणांपुढे पूर्वी बोललो आहे आणि पुढेही बोलेन. आज मात्र मी एका तुटलेल्या ताऱ्याची हकिकत सांगणार आहे. तीही अखेर कायद्याच्याच दारी येऊन पोहोचते, तेव्हा विषयांतराचा दोष आपण मजवर ठेवणार नाही अशी आशा करतो.

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. डिसेंबरचा मध्य होता. धानाच्या मुलखात या दिवसांत कापणी आटोपलेली असते, शेताशेतांत पुंजणी उभी असतात आणि मळणीची वाट पाहिली जाते. जिल्ह्याच्या ठिकाणचे काम संपवून मी जीपने परतत होतो. बरोबर माझा कारकून, एक पक्षकार आणि गाडीचा चालक असे तिघे होते. रात्रीचे दहा वाजून गेले असतील. अकस्मात रस्ता, बांध, बाभळी सर्व काही स्वच्छ दिसू लागले. मागून एखादी मोठी मोटार येत असावी असे प्रथम वाटले. परंतु झाडांच्या सावल्या जमिनीवरून भरभर सरकू लागल्या, तेव्हा आम्ही वर पाहिले. हिरवट पांढऱ्या प्रकाशाचा एक गोळा पूर्वेकडून निघून नैऋत्येकडे चालला होता. शेवटी तो फुटला, त्याचे दोन तुकडे तांबडे झाले आणि विझले. त्यामागून जो अंधार आला तो पहिल्यापेक्षा अधिक काळा वाटला.

चालकाने गाडी उभी केली. आम्ही खाली उतरलो आणि जो तो बोलू लागला. कारकून म्हणाला, अर्धा मिनिट तरी उजेड होता. पक्षकार म्हणाला, तो समोरच्या तलावात पडला. मी ठामपणे सांगितले की तलावात नव्हे, पलीकडच्या मोहाच्या झाडांमागे पडला आणि ती जागा फार तर एका कोसावर आहे. चालक तेवढा म्हणाला, "साहेब, तीनदा डोळे मिटून उघडावे इतकाच वेळ होता. कुठे पडला ते आपल्याला दिसले नाही. फक्त विझलेला दिसला." चौघांत कायद्याचा पदवीधर मी एकटाच होतो, आणि आज सर्व गोष्टी कळल्यानंतर सांगतो की सर्वांत चुकीचे विधान माझेच होते. न्यायालयात उलटतपासणीस उभा राहिलो असतो तर पाच मिनिटांत माझी जबानी निकालात निघाली असती.

दोन दिवसांनी एक कुटुंब माझ्याकडे आले. त्यांनी वर्षभरापूर्वीच धम्मदीक्षा घेतली होती व देव्हाऱ्यातील टाक नदीत सोडले होते. त्याच रात्री त्यांचे धानाचे पुंजणे जळून गेले होते. वर्षाचे अन्न गेले होते. गावातील वजनदार माणसे सांगत होती की तारा तुटला तो यांच्याच पुंजण्यावर पडला, देव सोडले त्याचे हे फळ आहे, आता बकरा द्या आणि टाक परत बसवा. ठाण्यावर "आकस्मिक आग" अशी नोंद झाली होती. कुटुंबातील म्हाताऱ्या बाबांनी मला खाली मान घालून विचारले, "वकीलसाहेब, तारा पडून पुंजणे पेटते काय?"

मला उत्तर येत नव्हते. पेटत नसावे असे वाटत होते. परंतु वाटणे हा पुरावा नव्हे, हे मीच इतरांना शिकवीत आलो होतो. त्या बाबांच्या प्रश्नासाठी मी जे वाचले ते आज आपणांस सांगतो.

आकाशातून दगड पडतात ही गोष्ट युरोपातील विद्वानांनी अठराव्या शतकाच्या अखेरीपर्यंत मान्य केलेली नव्हती. दगड पडताना पाहणारे लोक होते, पण ते शेतकरी, गुराखी, मजूर होते. फ्रान्समधील ल्यूसे या गावी 1768 साली शेतात काम करणाऱ्या लोकांनी दगड पडताना पाहिला. तो तपासण्यासाठी पॅरिसच्या विज्ञान अकादमीने नेमलेल्या समितीत लाव्हाझिए हा थोर रसायनशास्त्रज्ञ होता. दगड आकाशातला नव्हे, जमिनीतलाच असून त्यावर वीज पडली असावी, असा निर्णय त्यांनी दिला. पुढे 24 जुलै 1790 च्या रात्री नैऋत्य फ्रान्समध्ये बार्बोतांच्या परिसरात मोठा अग्निगोल दिसला व दगडांचा वर्षाव झाला. तेथील एका नगरपालिकेने रीतसर निवेदन तयार केले, त्यावर सुमारे 300 नागरिकांनी साक्ष दिली आणि ते विद्वानांकडे धाडले. त्याची थट्टा झाली. एका विद्वान गृहस्थाने तर संपूर्ण नगरपालिका अशा भाकडकथेला दुजोरा देते याबद्दल खेद व्यक्त केला.

ज्यांच्या आजोबा-पणजोबांची जबानी गावच्या चावडीवर कोणी लिहून घेत नव्हते, त्यांना हे नवीन नाही. तीनशे माणसे एक गोष्ट पाहतात आणि न पाहणारा एक माणूस ती खोटी ठरवतो! मात्र यात एक सूक्ष्म भेद आहे, तो लक्षात घ्यावा. त्या विद्वानांची शंका घेण्याची पद्धत वाईट नव्हती. लोक खरोखरच पाहिलेल्या गोष्टीत ऐकलेले मिसळतात, हे त्यांस ठाऊक होते. त्यांची चूक अशी की त्यांनी जबानी चाळून पाहण्याऐवजी साक्षीदारालाच चाळून टाकले.

ही चूक दुरुस्त करण्यास आरंभ करणारा माणूस योगायोगाने आमच्याच धंद्याचा निघाला. एर्न्स्ट क्लाडनी हा जर्मन गृहस्थ बापाच्या आग्रहाखातर कायदा शिकला होता व त्याने 1782 साली लाइपझिग येथे पदवी घेतली होती. नाव मात्र त्याने ध्वनिशास्त्रात कमावले. ग्यॉटिंगेनच्या ग्रंथालयात बसून त्याने अग्निगोलांची व दगड पडल्याची जुनी वर्णने गोळा केली आणि वकील ज्या रीतीने जबान्या ताडून पाहतो त्या रीतीने ती ताडली. निरनिराळ्या देशांतील, निरनिराळ्या काळांतील, एकमेकांचे नावही न ऐकलेली माणसे तेच ते वर्णन करीत होती. सर्वांनी मिळून एकच खोटे रचले असे मानण्यापेक्षा सर्वांनी एकच गोष्ट पाहिली असे मानणे त्याला अधिक सयुक्तिक वाटले. अग्निगोल आणि पडलेले दगड ही एकाच वस्तूची दोन रूपे असून ती वस्तू पृथ्वीबाहेरून येते, असे त्याने 1794 साली छापून प्रसिद्ध केले. त्याचीही थट्टाच झाली. पण अनुकूल पुरावा लवकरच हाती आला आणि तो आपल्याच देशातून आला.

19 डिसेंबर 1798 च्या रात्री आठच्या सुमारास बनारस व जौनपूर या भागात एक प्रचंड अग्निगोल दिसला. आकाश निरभ्र होते, कित्येक दिवसांत ढगाचा मागमूस नव्हता. उजेड पौर्णिमेच्या चांदण्यासारखा पडला आणि पाठोपाठ गडगडाट झाला. बनारसपासून सुमारे चौदा मैलांवर, गोमतीच्या पलीकडे, क्राखुट नावाच्या गावाजवळ दगड पडले. जॉन लॉइड विल्यम्स नावाच्या तेथील इंग्रजाने याची हकिकत टिपून ठेवली. जिल्ह्याच्या न्यायाधीशाने चौकशीसाठी एक हुशार माणूस गावात पाठविला. गावकरी म्हणाले, काही दगड आम्ही फोडले, काही तहसीलदारास दिले. पण शेतात जेथे माती नुकतीच उकरल्यासारखी दिसते तेथे पाहा. त्याने पाहिले आणि त्याला चार दगड मिळाले. त्यांतील बरेचसे जमिनीत सहा-सहा इंच रुतले होते. एका पहारेकऱ्याच्या झोपडीचे छप्पर फोडून सुमारे दोन पौंडांचा एक दगड आत घट्ट जमिनीत घुसला होता. पहारेकरी जवळच उभा होता. सकाळी त्याने तो उचलून आपल्या मालकाकडे नेला.

त्या पहारेकऱ्याचे नाव कोणी लिहून ठेवलेले नाही. हकिकत लिहिणाऱ्याचे नाव आहे, न्यायाधीशाचे आहे, दगड तपासणाऱ्याचेही आहे. असो. त्या दगडाने झोपडी पेटविली असे मात्र त्या हकिकतीत कोठेही नाही, आणि झोपडीचे छप्पर गवताचे नसून दुसऱ्या कशाचे असेल असे मला वाटत नाही. पक्षकाराच्या बाबांपुढे मी हीच ओळ बोट ठेवून वाचली.

ते दगड इंग्लंडात एडवर्ड हॉवर्ड या रसायनशास्त्रज्ञाकडे पोहोचले. बनारसचा दगड आणि युरोपात तीन निरनिराळ्या ठिकाणी पडलेले दगड त्याने एकत्र तपासले. सर्वांवर काळे पातळ कवच होते, आत राखाडी द्रव्य होते आणि त्यात लोखंडाचे कण होते. त्या लोखंडात निकेल हा धातू सापडला. तो ज्या जमिनीवर दगड पडले तेथल्या साध्या दगडांत तसा आढळत नव्हता. 1802 साली त्याने हे लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे मांडले. क्राखुटच्या शेतकऱ्याची जबानी अशा रीतीने प्रयोगशाळेत खरी ठरली.

पुढच्याच वर्षी अखेरचा निकाल लागला. 26 एप्रिल 1803 रोजी फ्रान्समधील लेगल या गावावर भर दुपारी सुमारे एक वाजता दोन-तीन हजार दगड पडले. सरकारने ज्याँ बातिस्त बियो या अवघ्या 29 वर्षांच्या शास्त्रज्ञास चौकशीस पाठविले. त्याने केलेली चौकशी ही प्रत्येक पोलीस अधिकाऱ्याने व वकिलाने अभ्यासावी इतकी नमुनेदार आहे. तो थेट लेगलला गेला नाही. दूरच्या गावांपासून विचारीत विचारीत आला, म्हणजे अफवेचा उगम आणि पाहिलेल्याचा उगम वेगळा काढता यावा. कोणी काय ऐकले यापेक्षा कोणी कोठे उभे राहून काय पाहिले हे त्याने विचारले. शेतकरी, धर्मगुरू, स्त्रिया, मुले, शिपाई या सर्वांना विचारले, आणि ज्यांचे हितसंबंध वेगळे, धंदे वेगळे, मते वेगळी, ते एकाच गोष्टीवर एकमत होतात काय हे पाहिले. मग दुसऱ्या बाजूने वस्तूंचा पुरावा पाहिला. असे दगड त्या भागात पूर्वी कोणाच्या संग्रहात होते काय, तेथल्या लोखंडाच्या भट्ट्यांतून निघणाऱ्या मळीत असे काही आढळते काय, हे तपासले. तसे काही आढळले नाही. दगड जेथे जेथे पडले त्या जागा त्याने नकाशावर मांडल्या, तेव्हा एक लांबट अंडाकृती क्षेत्र निघाले, सुमारे अडीच फ्रेंच कोस लांब व एक कोस रुंद. खोटे बोलणारी माणसे ठरवूनही अशी आकृती काढू शकली नसती. त्यानंतर दगड आकाशातून पडतात की नाही हा वाद फ्रान्समध्ये बहुतेक मिटला.

आता त्या रात्री आम्ही चौघांनी पाहिलेल्या गोष्टीकडे वळतो. सूर्याभोवती ग्रहांप्रमाणेच असंख्य लहानमोठे दगड व धूळकण फिरत असतात. त्यांतील काही पृथ्वीच्या वाटेवर येतात. त्यांचा वेग सेकंदाला 11 ते 72 किलोमीटर असतो. बंदुकीची गोळी सेकंदाला एक किलोमीटरसुद्धा क्वचितच गाठते, यावरून कल्पना करावी. एवढ्या वेगाने हवेत घुसताना पुढची हवा दाबली जाऊन विलक्षण तापते, दगडाचा पृष्ठभाग वितळून उडून जातो आणि तोच प्रकाश आपणांस दिसतो. त्याला आपण उल्का म्हणतो. शुक्राच्या चांदणीहून अधिक तेजस्वी असेल तर अग्निगोल म्हणतो, आणि जमिनीवर पोहोचलेल्या दगडाला अशनी म्हणतो. दरवर्षी 13-14 डिसेंबरच्या सुमारास मिथुन राशीच्या दिशेने उल्कांचा वर्षाव होतो. आम्ही पाहिलेला गोळा बहुधा त्यांतलाच असावा. अशा वर्षावातील कण बहुतेक वरच जळून संपतात.

हा सर्व प्रकाश जमिनीपासून सुमारे शंभर किलोमीटर उंचीवर सुरू होतो. दगड मोठा असला तरी वीस-तीस किलोमीटरच्या वरच त्याचा वेग मोडतो व प्रकाश विझतो. पुढचा प्रवास अंधारात होतो, साध्या पडत्या दगडासारखा, थंड हवेतून. आतला दगड तर अवकाशातील थंडी घेऊनच आलेला असतो, आणि तापलेले कवच वरच उडून गेलेले असते. म्हणून खाली पोहोचलेला अशनी निखारा नसतो. मोहाच्या झाडांमागे, तलावात, शेजारच्या गावात तारा पडला असे जे प्रत्येकास वाटते तो दृष्टीचा भ्रम आहे. इतक्या उंचावरची वस्तू क्षितिजाकडे जाताना दिसली की ती शेकडो किलोमीटर दूर असू शकते. मी पाहिलेला गोळा यवतमाळकडील माझ्या एका स्नेह्यानेही पाहिला होता आणि तोही शपथेवर सांगत होता की तो त्याच्या शेतामागे पडला.

मी विरुद्ध बाजूचा पुरावाही लपवीत नाही. 30 जून 1908 रोजी सायबेरियात तुंगुस्का नदीच्या खोऱ्यावर एक फार मोठी वस्तू हवेतच फुटली. तिने सुमारे दोन हजार चौरस किलोमीटरवरील झाडे आडवी केली आणि काही झाडे होरपळलीही. आपल्याच बुलढाणा जिल्ह्यात लोणारचे सरोवर आहे. सुमारे 1.8 किलोमीटर व्यासाचे ते विवर काळ्या पाषाणात अशनी आदळूनच झालेले आहे. तेव्हा आकाशातून संहार होऊच शकत नाही असे कोणी म्हणू नये. पण तसा संहार झाला तर तो सबंध तालुक्याचा होईल. शेजारची तीन पुंजणी शिल्लक ठेवून चौथे तेवढे निवडून जाळणारा आणि ते कोणाचे हे सातबारावर पाहून घेणारा तारा खगोलशास्त्रास ज्ञात नाही.

हे सारे झाले तरी पुरावा पुरा होत नव्हता. तारा पुंजणे जाळीत नाही हे तज्ज्ञाचे मत झाले. त्या रात्री त्या शेतात काय घडले हे सांगणारा साक्षीदार हवा होता. आणि तो मिळाला. शेजारच्या शेतकऱ्याच्या पुंजण्यावर राखणीस एक म्हातारी बाई झोपत असे. ती आपल्या समाजाची नव्हती व त्या कुटुंबाशी तिचे देणेघेणे नव्हते. म्हणजे आम्ही ज्याला हितसंबंधी साक्षीदार म्हणतो त्यातली ती नव्हती. तिच्याकडे घड्याळ नव्हते. तारा तुटला केव्हा आणि आग लागली केव्हा, असे विचारताच सारे म्हणत तसेच तीही म्हणाली, "एकाच राती." मी तिला बियोच्या रीतीने विचारायचे ठरविले. "आजी, काय झाले ते राहू द्या. तुम्ही काय पाहिले तेवढे सांगा. तारा तुटला तेव्हा आकाशात काय होते?"

ती जराही न थांबता म्हणाली, "तिकांडं डोक्यावर आलं नोहतं, साहेब. उगवतीकडं होतं. त्याच्या वरून तारा गेला."

"आणि आग दिसली तेव्हा?"

"तवा तिकांडं कललं होतं. मावळतीकडं."

बंधु-भगिनींनो, मृग नक्षत्रातील ओळीने असलेल्या तीन ताऱ्यांना आपल्या खेड्यांतून तिकांडे म्हणतात, हे आपणांतील वडीलधाऱ्यांस ठाऊकच आहे. डिसेंबरच्या मध्यास आमच्या भागात ते मध्यरात्रीनंतर थोड्याच वेळाने माथ्यावर येते. म्हणजे तारा तुटला तो मध्यरात्रीपूर्वी, आणि मी स्वतः दहाच्या पुढे तो पाहिला होता. आग लागली ती तिकांडे चांगले कलल्यावर, म्हणजे दीड-दोनच्या सुमारास. मधले तीन-चार तास पुंजणे शांत उभे होते. तारा पडून पुंजणे पेटले असते तर ते त्याच क्षणी पेटायला हवे होते. निरक्षर बाईच्या जबानीने, पंचांगाच्या आधारे कोणालाही पडताळता येईल असा वेळ आमच्या हाती दिला.

येथे कायद्याचे दोन शब्द सांगतो. तोंडी पुरावा प्रत्यक्ष असला पाहिजे. ज्याने पाहिले त्याने पाहिले म्हणून सांगावे, ज्याने ऐकले त्याने ऐकले म्हणून सांगावे. 1872 च्या पुरावा अधिनियमात हे कलम 60 मध्ये होते. 1 जुलै 2024 पासून त्याची जागा घेतलेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमात ते कलम 55 मध्ये आहे. कलमाचा आकडा बदलला, तत्त्व बदलले नाही. आपल्या लोकांचे कितीतरी खटले खरे असूनही पडतात, त्याचे एक कारण हेच की रागाने, दुःखाने आपण पाहिलेल्यात कयास मिसळतो. "त्यांनीच केले असणार" हे वाक्य सरतपासणीत निघाले की विरुद्ध बाजूचा वकील तेवढेच धरून बाकीची खरी जबानीही खोटी पाडतो.

तेव्हा आपणांस कधी अग्निगोल दिसला तर त्याला नमस्कार करू नका आणि तोंडही लपवू नका. जागेवरच उभे राहा. किती वाजले ते पाहा. कोणत्या नक्षत्राजवळून निघाला, कोणत्या झाडाच्या किंवा घराच्या कोपऱ्याशी विझला, ते लक्षात ठेवा. मुलाला तेथेच उभे करून दाखवा, म्हणजे सकाळी होकायंत्राने दिशा घेता येईल. किती सेकंद दिसला ते मनात "एक हजार एक, एक हजार दोन" असे मोजून ठरवा, कारण भीतीत वेळ लांबतो. रंग, तुकडे, मागे राहिलेला धूर, हे सर्व लिहा. मग आवाजाची वाट पाहा. ध्वनी एका मिनिटात सुमारे वीस किलोमीटर जातो. तीन मिनिटांनी गडगडाट आला तर तो साठ किलोमीटरांवरून आला. आणि दुसऱ्याशी बोलण्यापूर्वी लिहा, हे सर्वांत महत्त्वाचे. चौघे बोलले की चौघांची एक गोष्ट होते व चार साक्षी नाहीशा होतात. दोन-तीन दूरच्या गावांतून अशी टिपणे मिळाली तर गोळ्याची वाट गणिताने काढता येते व दगड पडला असल्यास कोठे शोधावा हेही सांगता येते. दगड सापडलाच तर तो फोडू नका, शेंदूर लावू नका. तहसीलदारामार्फत भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण विभागास कळवा. देशातील असे पाषाण ती संस्था जतन करते.

एक सावधगिरी. प्रकाश फार मोठा असेल तर काचेच्या खिडकीशी धावू नका. 15 फेब्रुवारी 2013 रोजी रशियातील चेल्याबिन्स्क शहरावर सकाळी सुमारे वीस मीटर आकाराची वस्तू तीसेक किलोमीटर उंचीवर फुटली. लखलखाट पाहून लोक खिडक्यांशी आले आणि मिनिट-दोन मिनिटांनी हवेचा धक्का पोहोचून काचा फुटल्या. सुमारे दीड हजार लोक जखमी झाले, ते बहुतांशी काचांनी. एका शाळेत शिक्षिकेने मुलांना बाकांखाली बसविले होते. तिला स्वतःला काच लागली, मुले सुखरूप राहिली.

आणि आकाशातून येणारी प्रत्येक आग उल्का नसते. 2 एप्रिल 2022 च्या सायंकाळी, गुढीपाडव्याच्या दिवशी, विदर्भापासून खानदेशापर्यंत लोकांनी जळत्या तुकड्यांची रांग आकाशातून जाताना पाहिली. ती सावकाश, जवळजवळ आडवी, बराच वेळ चालली होती. उल्केचा खेळ काही सेकंदांत संपतो. ज्याने वेळ मोजला त्याला तेथेच फरक कळला. चंद्रपूर जिल्ह्यातील सिंदेवाही तालुक्यात लाडबोरी गावी एक मोठे धातूचे कडे पडले. ते चिनी रॉकेटच्या टप्प्याचे अवशेष असावेत असे तज्ज्ञांनी सांगितले. त्या वेळीही काही तोंडांतून कोपाची भाषा निघाली. कड्याने मात्र आपली जबानी स्वतःच दिली होती.

आता पुंजण्याचे काय झाले ते सांगून बसतो. म्हातारीचे प्रतिज्ञापत्र जोडून आम्ही वरिष्ठांकडे अर्ज केला. "आकस्मिक आग" ही नोंद बदलली आणि अज्ञात इसमाविरुद्ध दंडसंहितेच्या त्या वेळच्या कलम 435 खाली गुन्हा दाखल झाला. शेतमाल असेल तर दहा रुपयांच्या नुकसानीलाही ते कलम लागत असे. पुंजणे कोणी पेटविले ते मात्र शाबीत झाले नाही. कोणास शिक्षा झाली नाही, आणि मलाही ज्याचा संशय आहे त्याचे नाव मी येथे घेणार नाही, कारण मी ते पाहिलेले नाही. कुटुंबाने बकरा दिला नाही. टाकही परत बसविले नाहीत. त्या वर्षी त्यांनी नातलगांकडून उसने धान आणून दिवस काढले.

प्रतिज्ञापत्राचा मसुदा मी म्हातारीस वाचून दाखविला तेव्हा कारकुनाने त्यात "आग लागली तेव्हा तिकांडे मावळले होते" असे लिहिले होते. तिने अंगठा मागे घेतला. म्हणाली, "मावळलं नोहतं, साहेब. कललं होतं. तसंच लिवा." आम्ही तो शब्द खोडला, दुरुस्त केला, आणि मग तिने अंगठा दिला.